हाताचा कंप आणि शटरचा वेग

शटर किती वेळ उघडं ठेवायचं, हा प्रश्न वरवर प्रकाशाचा वाटतो. १/१२५ सेकंदावरून १/२५० वर गेलं की सेन्सरवर पडणारा प्रकाश निम्मा होतो. मग ॲपर्चर मोठं करा किंवा आयएसओ वाढवा, हिशेब जुळतो. पण समोरची गोष्ट हलत असेल तर तिचं काय करायचं, हे त्या हिशेबात नसतं.

दागेर यांनी १८३८ साली पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचं छायाचित्र घेतलं. त्यात रस्ता ओस दिसतो. एक्सपोजर काही मिनिटांचं होतं, त्यामुळे चालणारी माणसं आणि धावणाऱ्या गाड्या उमटल्याच नाहीत. बूट चमकवून घ्यायला थांबलेला एक माणूस मात्र दिसतो.

आमच्या अब्बांनी चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं. आता कंपवात आहे. दुकान बंद केलं. बहिणीला त्यांचा मशीनजवळचा फोटो हवा होता. "हात स्थिर दिसू देत," एवढंच तिचं म्हणणं.

खिडकीच्या उजेडात, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, मी तीन वेगांवर फोटो काढले. १/५०० वर कापडावर टेकलेलं बोटन् बोट स्पष्ट आलं, कंपाचा मागमूस नाही. १/४ वर मशीन, कात्री, टेप सगळं ठळक. हातांच्या जागी मात्र धूसर ठिपका. १/३० वर हात ओळखू येत होते, फक्त बोटांच्या कडा किंचित हललेल्या.

अब्बांनी पहिला फोटो बघितला आणि म्हणाले, "हे हात बघून लोक विचारतील, मग दुकान का बंद केलं?" दुसरा बघून म्हणाले, "यात तर हातच नाहीत. एवढे कपडे शिवले कुणी?" तिसरा त्यांनी बराच वेळ धरून ठेवला. तोच आता घरात लागला आहे. पहिला बहिणीच्या मोबाईलमध्ये आहे. तिला अब्बा तसेच आठवतात, आणि तेही खोटं नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो काढणार असाल तर एकाच वेगावर थांबू नका. दोन-तीन वेग वापरून बघा. आणि कुठला ठेवायचा, हे ज्यांचा फोटो आहे त्यांना विचारा.