पोरगा कुठी असते?

बाभुळगावात लग्नाच्या पंगतीत शेजारी अनोळखी बाई बसली, की नाव-गाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पोरगा कुठी असते तुमचा?" काय करतो ते नंतर. तो घरी नसणार, हे तिनं धरलेलंच असतं. "पुण्याले" म्हटलं की ती मान हलवते, "बरं झालं बाप्पा" म्हणते. नागपूर म्हटलं तर मान जरा कमी हलते, बंगलोर-हैदराबाद म्हटलं तर जास्त. अन् "घरीच हाय, वावर पाहते" म्हटलं, तर ती वाढप्याला वरण मागायला लागते.

मी अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या पोरांना काट्याच्या झोळीत बसवून वजनं घेण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यातली कितीतरी पोरं आज चाकणला, हिंजवडीला, नागपूरला आहेत. गृहभेटीला गेले की पोराची आई छपरीत बसवते, चहा ठेवते आणि लेकराचं सांगायला लागते. सांगणं बहुतेक घरांत सारखंच: कंपनी कोणती, पगार किती, फ्लॅट घेणार की नाही. माझा मुलगा चाकणला आणि मुलगी नागपूरला गेल्यावर मीही तेच सांगायला लागले. सांगता सांगता लक्षात आलं, की आपण पोरांबद्दल साऱ्या गावाशी बोलतो, फक्त पोरांशीच बोलत नाही.

पोरं घर सोडून गेली, असं आम्ही म्हणतो. खरं तर आम्हीच त्यांना काढून दिलं. आमच्याकडं लेकरू पाटी घेऊन बसायला लागलं, की धाक एकच, "शिक, नाही तं वखर हाणशील." ज्या वावरानं खाऊ घातलं त्याचाच बागुलबुवा केला. शाळेत मास्तर उदाहरण देत ते जवाहरलाल दर्डांचं. बाभुळगावात जन्मले आणि पुढं 'लोकमत'चे मालक, राज्याचे मंत्री झाले. म्हणजे मोठं व्हायचं तर धामणगावची किंवा यवतमाळची गाडी पकडायची, हे पोराला अक्षरओळखीबरोबरच कळत होतं.

आम्हाला दोष तरी कसा द्यायचा? 1 जुलै 2006 ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांनी हादरलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात आमचं यवतमाळ होतं. आज कामाला लागलेली पोरं तेव्हा शाळेत होती. रात्री मायबाप सोसायटीचं कर्ज, सावकार, कापसाचा भाव असं दबक्या आवाजात बोलत, आणि पोरं गोधडीत जागी असत. कोणाच्या घरी काय झालं, हे त्यांना आमच्याआधी कळलेलं असे.

माझा मुलगा घराबाहेर पडला तो दिवस मला विचाराल, तर मी नोकरीचा दिवस सांगणार नाही. 2017 चा पावसाळा सांगेन. तो यवतमाळला तंत्रनिकेतनात डिप्लोमा करत होता, सुट्टीला घरी आला होता. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती, त्यामुळं फवारा खाली न जाता तोंडावरच यायचा. आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. पेपरात रोज बातमी, अन् आमचा मुलगा मजूर मिळाला नाही म्हणून पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरलेला. ह्यांना कळलं तसे हे बांधावरून धावत गेले. पट्टे सोडून पंप खाली उतरवला, त्याला विहिरीवर नेलं आणि लहानपणी घालत तशी साबण लावून आंघोळ घातली. मानेवर, कानामागं, नखांत साबण चोळला. कपडे घरात आणू दिले नाहीत. एवढंच म्हणाले, "ह्याच्यापुढं पंपाले हात लावायचा नाही. तू जाय इथून." तो गेला. आता हेच सणासुदीला म्हणतात, "पोराले वावराची ओढच नाही."

दुसरं कारण लग्नाचं. मुलीच्या बापाला जावयाकडं शेती पाहिजे असते, पण जावई शेतकरी नको असतो. दहा एकरांचा ओलिताचा धनी बिनलग्नाचा फिरतो आणि चाकणला एका खोलीत चौघांत राहणाऱ्या मुलाला स्थळं येतात. बेंबळ्याचं धरण आमच्याच तालुक्यात आहे, कालव्याचं पाणी काही वावरांत आलंही. पण पाण्यानं पिकाचं भागतं, सोयरिकीचं नाही. त्यामुळं ज्याला मनापासून शेती करायची होती त्यालाही आईबापांनीच बाहेर ढकललं.

बाहेर गेलेल्याचं गावात आम्ही मोठं करून सांगतो. 'कंपनीत लागला' एवढं सांगायचं. ट्रेनी आहे की कंत्राटी, किती महिन्यांनी ब्रेक देतात, हातात किती पडतात, हे सांगायचं नाही. यात एक नुकसान आहे आणि ते पोराचं आहे. आमच्या गल्लीतल्या एकाची नोकरी टाळेबंदीनंतर गेली. गावात बापानं त्याला इंजिनिअर करून ठेवलेलं. तो कित्येक महिने पुण्यातच राहिला, मिळेल ते काम केलं, पण घरी कळवलं नाही. पुढं कधीतरी त्याची आई मला म्हणाली, "त्याले वाटलं, बाबा लोकाईले काय सांगतीन?" आपण त्याची कॉलर इतकी ताठ करून ठेवतो, की पडल्यावर त्याला घरी यायला तोंड उरत नाही.

2020 च्या टाळेबंदीत आमचा मुलगाही आला होता. लहानपणी असायचा तसाच असेल असं मला वाटलं होतं. पण तो सकाळी आपला चहा आपण करायचा, ताट स्वतः विसळायचा. साहेबाचा फोन आला की 'मला-तुला' बोलायचा, ठेवला की 'मले-तुले'. मी त्याचे कपडे धुवायला घेतले तर म्हणाला, "राहू दे आई, मी धुतो." शेजारणीला मी हे कौतुकानं सांगितलं, आणि घरी येऊन मला रडू आलं. तो माझ्यावाचून अडत नव्हता. इतकी वर्षं मला हवं होतं ते हेच, पण ते झालेलं पाहायची तयारी केलीच नव्हती.

फोनवरचं आमचं बोलणं म्हणाल तर ते दोनच विषयांवर चालतं. पहिला विषय गाडी. 8 ऑक्टोबर 2022 ला यवतमाळहून मुंबईला निघालेली ट्रॅव्हल्स पहाटे नाशिकमध्ये पेटली, 12 जण गेले. 1 जुलै 2023 ला नागपूरहून पुण्याला निघालेली गाडी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पेटली, 25 जण गेले. कामाच्या गावाला परतणारी तरुण पोरं होती त्यांत. तेव्हापासून मुलगा गाडीत बसला की मी रात्रभर फोन उशाशी ठेवते. "कुठी पोचली गाडी? जेवला का? खिडकीजवळ बस." एकदा तो निघाला ते सांगितलंच नाही, सकाळी पोचल्यावर फोन केला. मला राग आला. ह्यांनी समजावलं, "तुई झोप वाचवते तो." तेव्हापासून तो पोचल्यावरच सांगतो आणि मी विचारत नाही.

दुसरा विषय ओटीपी. पीएम किसानची केवायसी असो, पीकविमा असो की फार्मर आयडी, मोबाइल नंबर मुलाचा दिलेला. हे सेतू केंद्रात रांगेत उभे राहतात आणि ओटीपी जातो चाकणला. तिकडं शिफ्टमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मग हे सेतूवाल्याला म्हणतात, "थांब भाऊ, पोराची जेवाची सुट्टी होऊ दे." बाकड्यावर तासभर बसतात. एकदा मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचाच नंबर जोडून घ्या ना." हे घरी आल्यावर म्हणाले, "मंग तो फोन कायले करन?" नंबर अजून मुलाचाच आहे.

मुलीबद्दलचं बोलणं वेगळं. ती नर्सिंग करून नागपूरला एका दवाखान्यात लागली. मुलाच्या बाबतीत लोक पगार विचारतात, मुलीच्या बाबतीत "एकटीच राहते का?" असं विचारतात. मुलगा पैसे पाठवतो ते आम्ही चारचौघांत सांगतो. मुलीनं फ्रिज घेऊन दिला, तर लोकांना सांगितलं, ह्यांनी कापूस विकून घेतला. मुलीचा पैसा घेतला असं म्हणायची लाज वाटते. माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र दवाखान्यात रात्री खुर्चीवर तीच होती. मुलगा फोनवर होता, त्याला सुट्टी मिळाली नाही आणि मी त्याला बोल लावत नाही. पण गावात "पोरानं सगळं पाहिलं" असं कोणी म्हणालं, तेव्हा मी ते दुरुस्त केलं.

मागच्या दिवाळीत दोघंही घरी होती. फराळ झाल्यावर हे उठले आणि सातबारा काढून मधे ठेवला. म्हणाले, "सांगा, ह्याचं काय करायचं?" आमच्या घरात असं कधी कोणी विचारलं नव्हतं. मुलगा बराच वेळ कागदाकडं पाहत बसला. मग म्हणाला, "बाबा, वावर विका असं मी म्हणत नाही. पण मी वावर करायले येईन, असंही म्हणत नाही." ह्यांचा चेहरा उतरला, पण बोलले नाहीत. मग मुलगी म्हणाली, "माझ्या लग्नात हक्कसोडीचा कागद पुढं करू नका." 2005 पासून कायद्यानं मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही माहीत होतं. तरी आमच्याकडं मुलीनं सही करून द्यायची, हे कोणी बोलल्याशिवायच ठरलेलं असतं.

त्या रात्री काही गोष्टी ठरल्या. ह्यांच्या हातून होईल तोवर वावर घरचं, त्यानंतर मक्त्यानं द्यायचं, विकायचं नाही. वारसात दोघांची नावं. आमच्यापैकी कोणी पडलं तर आधी मुलगी येईल, पैसा मुलगा लावेल. मी ते अंगणवाडीतल्या जुन्या वहीत लिहून ठेवलं. ह्यांना वाईट वाटलं ते वाटलंच, ते काही लपत नाही. पण त्यानंतर "पोराले ओढ नाही" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

गृहभेटीत आता एखाद्या आईनं पोराच्या पगाराचं सांगितलं, की मी तिला विचारते, म्हातारपणाचं त्याच्याशी बोलल्या का? बहुतेक जणी म्हणतात, "तो आपण होऊन सांगन ना बाई." तो सांगत नाही. मायबापाला वाईट वाटेल म्हणून पोरं बोलत नाहीत आणि पोरं दुरावतील म्हणून मायबाप विचारत नाहीत. यंदा पोरं घरी आली, की मुलगा-मुलगी दोघांनाही समोर बसवा आणि हातपाय चालतात तोवर विचारून घ्या.