पावसाआधीचा वारा

दुष्काळी मुलखातल्या माणसाने आयुष्यात एकदा परदेशी जावे आणि तेही दुसऱ्या दुष्काळी मुलखात, याला योगायोग म्हणावे की पत्रिकेतला दोष, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माझा जन्म माण तालुक्यातला. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि आमच्याकडे येतात ते नुसती सावली घेऊन. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर पुतणीने अमेरिकेला बोलावले, तेव्हा मी नायगाराची स्वप्ने पाहत होतो. प्रत्यक्षात उतरलो तो ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरी, ऐन जून महिन्यात. इथे वर्षाचा पाऊस जेमतेम सात इंच. आमच्या दहिवडीला याच्या दुपटीहून अधिक पडतो. दहिवडीच्या पावसाची बढाई मारण्याची संधी मला जन्मात प्रथमच मिळाली!

विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकले आणि तापल्या तव्यावर वाकून पाहावे तसे तोंड भाजले. पारा फॅरनहीटच्या ११० अंशांवर, म्हणजे आपल्या ४३ च्याही पुढे. जावई म्हणाले, "काका, हे काहीच नाही. २०२३ साली सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० च्या खाली राहिला नव्हता." मी गप्प राहिलो. दहिवडीची बढाई इथे चालण्यासारखी नव्हती.

पण घरात शिरताच एक ओळखीचा शब्द कानी पडला. टेलिव्हिजनवरची बाई हसतमुखाने 'मान्सून'विषयी सांगत होती. या वाळवंटात मान्सून कुठला? चौकशी केली, तेव्हा कळले की उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वाऱ्याची दिशा बदलते, मेक्सिकोच्या बाजूने ओलावा येतो आणि दुपारी गडगडाटी पाऊस होतो. पूर्वी हवेतल्या दमटपणाचे माप घेऊन, सलग तीन दिवस ते ठराविक आकड्याला पोचले म्हणजे मान्सून आला असे जाहीर करीत. लोकांचा त्यात गोंधळ होई. म्हणून २००८ पासून हवामान खात्याने तारखाच नेमून टाकल्या : १५ जून ते ३० सप्टेंबर. आपण सात जूनला मृग लागला म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्यांनाही पावसासाठी शेवटी पंचांगच काढावे लागले, याचे मला मोठे समाधान वाटले.

या भूमीचे मूळ रहिवासी ओऽधम लोक. त्यांचे पंचांग याहून जुने. जूनअखेर सग्वारो नावाच्या पुरुषभर नव्हे, चांगल्या ताडाएवढ्या निवडुंगाची लाल फळे पिकतात. लांब काठ्यांनी ती पाडून त्यांचे मद्य करायचे आणि ते पिऊन पावसाला बोलवायचे, ही त्यांची रीत. त्यांचे नवे वर्षही तेव्हाच लागते. आमच्याकडे पाऊस ओढ देऊ लागला की धोंडी काढतात. समुद्र ओलांडला तरी पावसापुढे माणसाने हात पसरायचे काही चुकत नाही.

एका रविवारी सकाळी पुतणी मला जवळच्या टेकडीवर घेऊन गेली. हौशी मंडळी कुदळी घेऊन गवत उपटीत होती. जवळ जाऊन पाहतो, तर ते आमचे अंजन गवत! ज्याच्या पेंढीसाठी आम्ही कोस कोस हिंडलो, ते इथे शत्रू म्हणून उपटतात? कारण ऐकले आणि मुकाट्याने मीही कुदळ उचलली. गुरांच्या चाऱ्यासाठी गेल्या शतकात हे गवत इथे मुद्दाम लावले. मूळच्या वाळवंटात दोन झुडपांमध्ये उघडी जमीन असे, त्यामुळे आग लागली तरी पुढे सरकत नसे. आता ती मोकळी जागा या गवताने भरली. सग्वारोला हात फुटायलाच पाऊणशे वर्षे लागतात आणि आगीशी सामना करणे त्याला ठाऊक नाही. पाऊस चांगला झाला की गवत माजते, आणि मग वाळून त्याचे सरपण होते. पाऊस अधिक झाला म्हणून वणव्याची भीती वाढते, हे गणित शिकवायला मला साठी उलटावी लागली.

त्यानंतर मी हवामानाचा अंदाज नीट ऐकू लागलो. त्यात दोन वाक्ये हमखास असत. एक, दुपारनंतर गडगडाटी वादळांचा संभव. दुसरे, डोंगराळ भागात लाल बावट्याचा इशारा. पहिले वाक्य ऐकून मी आनंदलो की पुतणी दुसरे ऐकायला सांगे. हवा इतकी कोरडी की ढगातून निघालेला पाऊस वाटेतच विरून जातो. आकाशात करड्या झालरी लोंबताना दिसतात, जमिनीवर थेंब नाही. वीज मात्र वाटेत विरत नाही. ती खाली पोचते. शिवाय विरणाऱ्या पावसाने गार झालेली हवा जड होऊन कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे सुटते.

हा वारा काय करतो, ते मी यार्नेलला पाहिले.

फिनिक्सपासून सुमारे १३० किलोमीटरवर, ४,८०० फूट उंचीवर हे चिमुकले गाव आहे. २८ जून २०१३ च्या संध्याकाळी तिथल्या डोंगरावर वीज पडली. आग पहिल्या दिवशी अर्धा एकरही नव्हती. ३० तारखेला ती भडकली. शेजारच्या प्रेस्कॉट शहरातली वणवा विझवणारी वीसजणांची निवडक तुकडी, ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स, तिथे जाळरेषा काढीत होती. आग त्यांच्यापासून दूर चालली होती आणि ते जळून गेलेल्या सुरक्षित पट्ट्यात होते. वादळाचा वारा येत असल्याचे हवामान खात्याने त्या दुपारी दोनदा कळवले होते. चारनंतर ही मंडळी एका खोलगट दरीत उतरली. त्याच सुमारास वादळाचा वारा येऊन थडकला. आगीने तोंड फिरवले. एकोणीसजण गेले. टेहळणीसाठी वेगळ्या जागी बसलेला एकटा वाचला. सर्वांत धाकटे एकवीस वर्षांचे होते, थोरला त्रेचाळीसचा.

तिथे आता स्मारक-उद्यान आहे, २०१६ साली उघडलेले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उजाडताच चढू लागलो. सुमारे तीन मैलांच्या चढणीवर जागोजागी दगडांत एकोणीस पाट्या बसवल्या आहेत; प्रत्येकीवर एक चेहरा आणि त्याची हकीकत. मास्तरकीची सवय, मी हजेरी घेतल्याप्रमाणे प्रत्येक पाटीपुढे थांबत होतो. माथ्यावर पोचायला अकरा वाजले. तिथून खाली ती दरी दिसते. दगड भरलेल्या एकोणीस जाळ्या साखळीने जोडून त्या जागेभोवती कडे केले आहे.

"खाली जाऊन येऊ," मी म्हणालो. "इतक्या लांबून आलो, नमस्कार तरी करू."

पुतणीने ईशान्येकडे बोट केले. डोंगरामागे कापसाच्या ढिगासारखा ढग वाढत होता. "काका, नमस्कार इथूनच करा. आता आपल्याला उतरायचं आहे."

"अगं, एवढासा ढग! माणदेशी माणूस ढगाला भितो होय?"

"माणदेशात आपला मेंढका कसा गेला, ते तुम्हीच मला सांगितलं होतं ना?"

मी गप्प झालो. मी दहा वर्षांचा असताना आमचा मेंढका वळवाच्या विजेने बाभळीखाली गेला होता. मरणाच्या भीतीने तो आडोशाला गेला नव्हता. मेंढरे भिजू नयेत म्हणून गेला होता. गावाने ते प्रारब्धावर टाकले आणि पुढच्या वळवाला आम्ही पोरे पुन्हा त्याच माळावर नाचलो.

वरूनच हात जोडले आणि निघालो. निम्म्या वाटेवर वारा आला. एकदम गार. तीन आठवड्यांत अंगाला लागलेला पहिला गारवा! जन्माच्या सवयीने मी डोळे मिटून तोंड त्याच्याकडे केले. आई माळवदावरच्या कुरडया गोळा करण्यासाठी हाका मारते आहे असा भास झाला. आणि दुसऱ्याच क्षणी पाठीमागची दरी आठवली. त्या एकोणीसजणांनाही हाच वारा लागला असेल. असाच, पावसाचा सांगावा घेऊन येणारा. मी डोळे उघडले आणि भराभर उतरू लागलो.

त्या रात्री फिनिक्सला पाऊस झाला. आधी धुळीची भिंत चालून आली, मग दहा मिनिटांची सर. अंगणातल्या क्रिओसोटच्या झुडपांतून एक उग्र, ओला वास दरवळला. मातीचा नव्हे, पण इथल्या माणसांना पाऊस म्हणजे हाच वास. शेजारची मंडळी दारात येऊन उभी राहिली. कोणी काही बोलत नव्हते. पुतणीने मात्र आत जाऊन आधी डोंगराकडची बातमी लावली : कुठे वीज पडली, कुठे धूर दिसतो आहे.

परत येऊन चार महिने झाले. गार वारा सुटला की मी अजूनही माळवदावर जातो. पण आता आधी तो कुठून आला ते पाहतो, माळावर कोणी गुराखी पोर झाडाखाली उभे असेल तर त्याला हाक मारून घरात घेतो, आणि मगच तोंड वर करतो.