मागावरची शाळा

सोलापुरात येऊन मला बारा वर्षे झाली. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी फिरावे, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत रेटारेटी करावी, परतणाऱ्या पाहुण्यांना चादर आणि शेंगाची चटणी बांधून द्यावी, एवढ्या भांडवलावर मी स्वतःला सोलापूरकर म्हणवीत होतो. चादर जिथे विणली जाते त्या पूर्व भागात मात्र कधी पाऊल टाकले नव्हते.

तो योग आणला माझ्या एका विद्यार्थ्याने. बी. ए.च्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, प्रश्न विचारला की मान खाली घालणारा मुलगा. गेल्या वर्षी तो महिनाभर दिसेना. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हते. बोलावून चार शब्द सुनावले, तेव्हा तो म्हणाला, "सर, नाना आजारी असतात. माग मीच बघतो. एकदा कारखान्यात या ना."

गेलो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. 1877 साली इथे पहिली कापडगिरणी निघाली. पुढे त्या 'जुन्या मिल'चा भोंगा थांबला, पण गल्लीबोळांतले यंत्रमाग खडखडत राहिले. आता त्यांतलेही कित्येक बंद पडले आहेत.

त्या खडखडाटात माझा तो मुका विद्यार्थी तेलुगूत, मराठीत, हिंदीत घडाघडा बोलत होता! हाताखालच्या नव्या पोराला तो शिकवीत होता; पण 'शिकवणे' असे त्यात काहीच दिसेना. पोरगा आधी नुसता कांड्या भरतो. मग तुटलेला धागा जोडतो. माग त्याच्या हाती येतो तो सर्वांत शेवटी. नाना कोपऱ्यात खाटेवर पडून होते. एकाएकी म्हणाले, "तिसरा बघ." मला काहीच वेगळे ऐकू आले नव्हते. तिसऱ्या मागावर धागा तुटला होता.

जीन लेव्ह या अमेरिकन विदुषीने आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांच्या हाताखालची मुले अशीच पाहिली. तीही आधी गुंड्या लावतात, काठ दुमडतात. कापडाला कात्री लावतात ती अखेरीस. चूक झाली तर फार बिघडू नये, अशा टोकापासून शिक्षणाचा आरंभ! आम्ही वर्गात नेमके उलटे करतो.

आता सरकारदरबारीही या शाळेची दखल घेतली जात आहे. 2015 पासून केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत अनुभवाने आलेल्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, कुंभार, माळी यांच्यापाशी शिकावे असे सुचवले.

म्हणून शाळा नको असे मात्र कुणी समजू नये. नानांना कोवळ्या वयात मागावर यावे लागले आणि अक्षर राहून गेले. मालाच्या हिशेबाचा कागद ते आजही मुलाकडून वाचून घेतात. "हा तरी शिकू दे, सर," ते म्हणाले. माग बंद पडला, तर कानांत साठवलेली ती विद्या कुठल्या दाखल्यावर लिहिणार?

खोटी हजेरी मला लावता येत नव्हती. उरलेले तास भरण्यासाठी सकाळचे वर्ग तेवढे त्याने करावेत, असे ठरले. मागाकडे तेवढा वेळ शेजारी बघणार होते. आणि अंतर्गत गुणांसाठी मी त्याला विषय दिला : 'मागावरचे शब्द.' ताणा, बाणा, धोटा, फणी, कांडी – शेजारी तेलुगू शब्द आणि त्या वस्तूचे काम. त्याने चाळीस पाने लिहून आणली. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. मी त्या लाल शाईने दुरुस्त केल्या. पण त्यातले निम्मे शब्द मला नवे होते. हजेरी काठावर भरली आणि तो परीक्षेला बसला.

त्या दिवशी निघताना नानांनी मला धाग्याची गाठ मारायला दिली होती. तीनदा मारली, तीनदा सुटली. त्यांनी ती मुकाट्याने सोडवली आणि म्हणाले, "येईल हळूहळू. येत जा."

त्यानंतर मी चार वेळा गेलो आहे. गाठ अजून सुटतेच.