पिवळा दिवा

महिन्यापूर्वीची गोष्ट. भाजी आणायला गाडी काढली, तर समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलेला. सिग्नलला थांबलं की गाडी थरथरायची. दिवा लुकलुकत नव्हता, एवढंच नशीब. लुकलुकला तर पेट्रोल नीट जळत नाही असं समजून गाडी बाजूला घ्यावी, हे मला नंतर कळलं.

मोठ्या वर्कशॉपात स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडलं. कोड आला, पी ००११. "सर, कॅमशाफ्टचा ॲक्च्युएटर गेलाय. बराच भाग खोलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच परत आणली. पेन्शनीत बसणारा नव्हताच तो!

मग आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेलो. तिथला मेकॅनिक म्हणाला, "सर, कोड एवढंच सांगतो की कॅमशाफ्ट हवा त्यापेक्षा पुढे पळतोय. का पळतोय, ते आपण शोधायचं."

त्यानं समजावलं ते असं. इंजिनाच्या झडपा कॅमशाफ्ट उघडतो. वेगानुसार त्या थोड्या आधी किंवा नंतर उघडाव्यात म्हणून ॲक्च्युएटर त्याला किंचित फिरवतो, तेही ऑइलच्या दाबावर. ते ऑइल सोडायला विजेवर चालणारा एक व्हॉल्व्ह असतो. म्हणजे ऑइल खराब असेल, व्हॉल्व्ह अडकला असेल, वायरिंग बिघडलं असेल किंवा टायमिंग चेन सैल झाली असेल, तरी असा कोड येऊ शकतो. आधी स्वस्तातलं तपासायचं, मग महागातलं.

त्यानं ऑइलची पट्टी ओढून पाहिली. काळंकुट्ट! "कधी बदललंत?"

"अडीच वर्षं झाली असतील. गाडी फिरतेच कुठे आमची?"

"तिथंच चुकलं, सर. जवळच्या जवळ फिरवली की इंजिन पुरतं तापत नाही. ओल आणि कच्चं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. किलोमीटर कमी झाले तरी वर्षाला ऑइल बदलायचं."

व्हॉल्व्ह काढला तर त्याची जाळी गाळानं बुजलेली. ती साफ केली, ऑइल आणि फिल्टर बदलले, कोड पुसला. आज महिना झाला, दिवा लागलेला नाही.

काटकसर म्हणून जे टाळलं, तेच अंगाशी आलं होतं. पण त्या रात्री झोप लागेना ती वेगळ्याच कारणानं. सातवीतला एक मुलगा आठवला. तिन्ही चाचण्यांच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा मारला होता, 'अभ्यासात लक्ष नाही.' अक्षरही छान काढलं होतं. पुढच्या वर्षी तो शाळेत आलाच नाही.

शेरा खोटा नव्हता. लक्ष नव्हतंच त्याचं. का नव्हतं, ते मात्र मी कधी विचारलं नाही.