उंबऱ्याच्या आत, उंबऱ्याच्या बाहेर

नारायणगडाच्या पंचक्रोशीत चोरीची धास्ती दिवाळीनंतर वाढते. गडावर नगद नारायण महाराजांचे संस्थान आहे. भाविक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. गडाखालच्या गावा-वस्त्यांवरून, बीड जिल्ह्यातल्या बहुतेक गावांसारखीच, धडधाकट माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात. मार्च-एप्रिलपर्यंत काही घरांना कुलूप असते, तर काही घरांत म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे उरतात. मुकादमाच्या उचलीतले उरलेले पैसे, म्हातारीच्या गळ्यातली पोत, ज्वारीच्या पोत्यात खुपसलेली डबी, एवढाच काय तो ऐवज. चोर आधी शेजारच्या घरांच्या कड्या बाहेरून लावतात आणि मग हव्या त्या दाराचा कोयंडा कटावणीने उचकटतात. घरात आरडाओरडा झाला तरी मदतीला येणारा शेजारी स्वतःच्याच घरात कोंडलेला असतो.

अशा घरात उशाशी काय असते? काठी, बॅटरी आणि कोयता. शस्त्र अधिनियम, १९५९ ने ‘शस्त्रा’च्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत आणि उदाहरण म्हणून लाठीचे व साध्या हातकाठीचे नाव घेतले आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यार शस्त्रांच्या यादीत येते. त्यातूनही घरकामाची आणि शेतीची अवजारे वगळली आहेत. म्हणून ऊसतोड कामगाराच्या छपरात खोचलेला कोयता हे अवजार. तोच कोयता शर्टाच्या आत खोचून कोणी रात्री बीडच्या बसस्थानकावर फिरू लागला, तर पोलीस त्याच्याकडे अवजार म्हणून पाहणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. काठीचेही तसेच. सण, मोर्चे, मेळावे असले की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो. तो लागू असेपर्यंत रस्त्यावर काठी घेऊन फिरणे हाही गुन्हा ठरतो. तलवार, गुप्ती, जंबिया यांना मात्र शेतीचा आडोसा नाही. ‘घरात चोर आला तर असावी’ म्हणून घेतलेली तलवार चोर येण्याआधीच मालकाला अडचणीत आणू शकते.

बंदुकीला परवाना लागतो. तो जिल्हादंडाधिकारी पोलिसांचा अहवाल मागवून देतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली. त्यानंतर प्रशासनाने परवान्यांची छाननी करून अनेक रद्द केले. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्या पिस्तुलांचा चोरांच्या भीतीशी फारसा संबंध नसतो. ज्या म्हातारीच्या दाराची कडी निघते, तिच्याकडे परवाना नसतो आणि असता तरी उपयोग नव्हता.

पण हत्यार कायदेशीर असणे ही गोष्ट निराळी आणि ते चालवणे निराळे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्याच्या जिवाचा आणि मालमत्तेचा बचावही त्यात येतो. कलम ३७ त्याला लगाम घालते. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हक्क नाही, आणि बचावासाठी लागते त्याहून जास्त इजा करता येत नाही. मालमत्तेसाठी समोरच्याचा जीव जाईपर्यंत मजल केव्हा जाऊ शकते, ते कलम ४१ सांगते: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, आणि मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी अशी चोरी किंवा गृहअतिक्रमण.

म्हणजे दिवस आणि रात्र यांत कायदा फरक करतो. दुपारी उघड्या दारातून शिरून भांडी उचलणाऱ्या भुरट्यावर कोयत्याचा वार या कलमात बसत नाही. रात्री दाराच्या फटीतून तार घालून कडी काढणारा मात्र घरफोड्या. हे उदाहरण दंड संहितेतच दिलेले होते. घरफोडीने सुरू झालेले अतिक्रमण चालू आहे तोवर हक्क चालू असतो. चोर ऐवज टाकून वावरातून पळत सुटला की तो संपतो. जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पळणाऱ्यांवर झाडलेल्या गोळीला बचाव मानले नाही. मात्र उंबऱ्याच्या आत, अंधारात घाबरलेल्या माणसाने प्रत्येक घाव तोलून घालावा, अशी अपेक्षा न्यायालये ठेवत नाहीत. कटनीच्या दंगलीत दुकानावर चालून आलेल्या जमावावर गोळी झाडणाऱ्या अमजद खान यांना सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये निर्दोष सोडले. पूर्वनियोजन नसताना, सद्भावनेने बचाव करताना मर्यादा ओलांडून मृत्यू झाला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. तीही शिक्षा हलकी नाही.

दोन गोष्टींना मात्र क्षमा नाही. पहिली सापळ्याची. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडायची सवय कोणी घराच्या दाराला लावली, तर जीव चोराचाच जाईल असे नाही. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या एका खटल्यात, शौचालयाला जिवंत तार लावून ठेवणाऱ्याची शिक्षा कायम ठेवली. मेलेली बाई परवानगीशिवाय आत शिरली होती, हा बचाव चालला नाही. दुसरी गोष्ट संशयाची. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेचे बळी ठरले. पाल ठोकून राहणाऱ्या पारध्यांवर मराठवाड्यात आजही पहिला संशय जातो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, गावाच्या मनातून अजून गेलेला नाही. ग्रामसुरक्षा दलाने गस्त घालावी, अनोळखी माणूस दिसला तर पोलीस पाटलाला कळवावे, ११२ वर फोन करावा. खांबाला बांधून झोडपणे हा बचाव नव्हे, गुन्हा आहे.

घरात झटापट झाली आणि चोर जखमी झाला किंवा मेला, तर गुन्हा बहुधा घरमालकावरही नोंदला जातो. हा अन्याय वाटतो, पण पद्धत तीच आहे: बचावाचा हक्क दाखवण्याचा भार भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आरोपीवर असतो. त्याला संशयातीत पुरावा द्यावा लागत नाही. घडले ते तसेच घडले असण्याची शक्यता जास्त, एवढे पटवले तरी पुरते. रक्त उंबऱ्याच्या आत सांडले की अंगणापलीकडे, कडी बाहेरून उचकटली होती का, शेजारच्या दारांच्या कड्या लावलेल्या होत्या का, यावर सगळे ठरते. म्हणून लगेच ११२ ला कळवावे, जखमी चोरालाही दवाखान्यात पोहोचवावे, आणि पंचनामा होईपर्यंत तुटका कोयंडा, पडलेली कटावणी आणि स्वतःचा कोयता जागचा हलवू नये.