विलायतेची वकिली

गेल्या मार्च महिन्यांतील गोष्ट. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधून मी शिक्षकांच्या खोलींत बसलों होतों, तोंच नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी आपल्या वडिलांस घेऊन दारांत उभी राहिली. वडील तासगांवकडील द्राक्षबागाईतदार. त्यांच्या हातांत छापील कागद होते. युरोपांतील एका संस्थेंत शाळेच्या मुलांमुलींकरितां उन्हाळ्यांत तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम भरतो. राष्ट्राराष्ट्रांतील वाटाघाटी कशा चालतात, तहाचा मसुदा कसा करितात, सभेंत ठराव कसा मांडतात हें तेथें शिकवितात आणि शेवटीं जिनिव्हा येथील संयुक्त राष्ट्रांची कचेरी दाखवितात. पुढील वर्षीं मुलीस तेथें जावयाचें होतें व त्यासाठीं माझें शिफारसपत्र हवें होतें. शुल्काचा आंकडा मीं वाचला आणि कागद मेजावर ठेवला. माझ्या वर्षाच्या वेतनाहून तो मोठा होता.

“सर, बागेतला अर्धा एकर काढायचा विचार आहे,” वडील म्हणाले. “पण तुम्ही म्हणाल तसं.”

हें “तुम्ही म्हणाल तसं” शिक्षकाच्या जिवावर किती जड पडतें, हें पालकांस क्वचितच ठाऊक असतें. मला तें अधिक जड गेलें, त्याचें कारण सांगतों. बारा वर्षांपूर्वीं एक विद्यार्थी असाच माझ्याकडे आला होता. परदेशीं शिकण्याची त्याची हौस मीं एका वाक्यांत उडवून लाविली. “आधीं येथलें नीट शिक,” असें कांहींसें मी म्हणालों. तो निमूटपणें गेला, आणि त्यानंतर शाळेंत असेपर्यंत त्यानें मला एकही प्रश्न विचारला नाहीं. ती चूक माझ्या मनांतून गेलेली नाहीं. म्हणून या वेळीं मीं “विचार करून सांगतों” एवढेंच म्हटलें.

माझें बालपण साताऱ्यास गेलें. चार भिंतींच्या टेकडीवर आम्ही मुलें पतंग घेऊन जात असूं. परंतु तेथील सत्तावनच्या स्मारकावर जीं नांवें आहेत तीं कोणाचीं, हें विचारण्याची बुद्धि मला कॉलेजांत जाईपर्यंत झाली नाहीं. त्यांत एक नांव रंगो बापूजींचें. मुत्सद्देगिरीचा अभ्यास करावयास विलायतेस जाण्याची गोष्ट निघाली, तेव्हां मला प्रथम आठवले ते हेच गृहस्थ. आपल्या जुन्या भाषेंत ‘वकील’ म्हणजे कोर्टांत उभा राहणारा नव्हे, तर एका दरबारानें दुसऱ्या दरबारीं धाडलेला माणूस. रंगो बापूजी गुप्ते हे त्या अर्थानें साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील.

प्रकरण थोडक्यांत असें. १८१९ च्या तहानें कंपनी सरकारनें प्रतापसिंह महाराजांस साताऱ्याचें राज्य दिलें. महाराज कर्तबगार होते. १८३५ मध्यें कंपनीच्या डायरेक्टरांनीं त्यांची वाखाणणी करून मानाची तलवारही देण्याचें ठरविलें. मात्र औंध, फलटण, जत इत्यादि जहागीरदारांवर हुकमत कोणाची, या प्रश्नावरून मुंबई सरकारशीं बिनसलें. पुढें महाराजांवर आरोप आले: गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं पत्रव्यवहार आणि कंपनीच्या शिपायांस फितविण्याची खटपट. गव्हर्नर सर जेम्स कार्नाक यांनीं महाराजांपुढें कागद ठेविला. यावर सही करा, गादी राहील. सही म्हणजे अपराधाची कबुली, असें म्हणून महाराजांनीं ती नाकारिली. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं त्यांस पदच्युत करून पुढें काशीस पाठविण्यांत आलें.

त्यांची बाजू मांडावयास रंगो बापूजी लंडनला गेले व १८५३ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षांहून अधिक काळ, तेथें राहिले. लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या घरांत भागीदारांची सभा भरे. ज्याच्याजवळ कंपनीचे पुरेसे भाग असतील त्यास तेथें ठराव मांडतां येई. रंगो बापूजींनीं हें हेरलें. पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरुद्ध गाजलेले वक्ते जॉर्ज थॉम्पसन यांस त्यांनीं प्रकरण समजावून दिलें, आणि साताऱ्याचा प्रश्न त्या सभेंत पुनःपुन्हां उभा राहिला. १८४७ मध्यें महाराज काशीस वारले. १८४८ मध्यें दत्तक नामंजूर करून डलहौसीनें राज्य खालसा केलें. ज्याच्यासाठीं भांडावयाचें तो राजा गेला, राज्यही गेलें. तरी हा वकील आणखी पांच वर्षें तेथेंच! शेवटीं कर्जांत बुडून ते परतले. सत्तावनच्या धामधुमींत त्यांचे पुत्र सीतारामपंत साताऱ्यास फांशीं गेले. रंगो बापूजी स्वतः भूमिगत झाले, ते पुन्हां सांपडले नाहींत.

मे महिन्यांत मीं त्या मुलीस व तिच्या पांच सोबत्यांस घेऊन एस.टी.नें सातारा गांठलें. राजवाडा पाहिला, टेकडी चढलों. उन्हानें जीव नकोसा झाला होता आणि दोघांचें लक्ष उसाच्या रसाच्या गाड्याकडे अधिक होतें, हेंही लिहिलें पाहिजे. परत आल्यावर शाळेच्या सभागृहांत आम्ही भागीदारांची सभा भरविली. रंगो बापूजी होण्यास चौघेजण पुढें आले. कंपनीची बाजू घ्यावयास कोणी तयार होईना. तेव्हां ती मुलगी उठली.

ती वीस मिनिटें बोलली. परराज्यांशीं परस्पर संबंध ठेवावयाचा नाहीं, ही तहांतील अट तिनें काढली. सही केली असती तर राज्य राहिलें असतें, मग प्रजेपेक्षां मान मोठा कां, असें विचारलें. रंगो बापूजी झालेल्या मुलास उत्तर सुचेना. तो रागानें लाल झाला. मग पाणी पिऊन, बऱ्याच वेळानें, तो म्हणाला कीं अपराध सिद्ध करावयाचा तर महाराजांस उघड चौकशी कां दिली नाहीं? तेव्हां कोठें सभेंत रंग भरला. इतकीं वर्षें मीं तो धडा शिकविला, पण कंपनीचें म्हणणें नीट मांडून कधीं दाखविलें नव्हतें.

वडील शेवटच्या बांकावर बसले होते. मुलगी महाराजांविरुद्ध बोलते हें त्यांना रुचलें नाहीं, असें चेहऱ्यावरून दिसत होतें. बाहेर पडतांना मात्र त्यांनीं मला निराळेंच विचारलें.

“सर, तेरा वर्षं तिथं त्यांनी खाल्लं काय? पैसा कुणाचा?”

ज्यानें सोसायटीचें कर्ज काढून बाग उभी केली आणि अवकाळी पावसांत मणी फुटलेले पाहिले, त्याचा हा प्रश्न. मीं कर्जाची हकीकत सांगितली. मग दुसरीही सांगितली. १२ नोव्हेंबर १९३० रोजीं लंडनला पहिली गोलमेज परिषद सुरू झाली. तिला संस्थानिकांपैकीं आपल्या सांगलीचे अधिपति चिंतामणराव पटवर्धन होते आणि अस्पृश्य समाजाच्या वतीनें डॉ. भीमराव आंबेडकर. आंबेडकरांचें नांव ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेच्या पटावर चढलें, तिला आज प्रतापसिंह महाराजांचें नांव आहे. एक राजा आपल्या खजिन्याच्या बळावर तेथें पोंचला. दुसरा १९१३ सालीं सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेला, म्हणून पुढें त्या परिषदेपर्यंत आला. कोणाची बुद्धि मोठी हें मी सांगत बसलों नाहीं.

औंधचे आप्पासाहेब पंत यांचेंही नांव मीं घेतलें. स्वतंत्र भारताचे प्रतिनिधि म्हणून १९४८ मध्यें ते नैरोबीस गेले. पुढें इंडोनेशिया, ईजिप्त, इंग्लंड, इटली येथेंही त्यांनीं काम केलें. त्याआधीं, १९३९ मध्यें वडिलांनीं प्रजेला स्वराज्याची घटना दिली तेव्हां, खेड्याखेड्यांतून लोकांशीं बोलत हिंडणारे तेच होते. आटपाडी त्या राज्यांतच होती.

“आटपाडी? आमची मावशी तिथलीच,” मुलगी म्हणाली. वडील हंसले. त्या दिवसांत प्रथमच हंसले.

शिफारसपत्र मीं जूनमध्यें लिहून दिलें. तीन वेळां लिहिलें. “हिची बुद्धि तल्लख आहे” हें सर्वच शिक्षक लिहितात; म्हणून मीं कंपनीच्या बाजूनें केलेलें तिचें भाषण सविस्तर लिहिलें. जमीन विकून मुलगी पाठविणें या कुटुंबास परवडणारें नाहीं, करितां शुल्कांत सूट मिळावी, असेंही स्पष्ट लिहिलें. हें वाक्य वडिलांना वाचून दाखविलें तेव्हां ते बराच वेळ गप्प होते. गरिबी कागदावर चढविणें कोणाला आवडेल? मग “राहू द्या” म्हणाले. उत्तर येईपर्यंत बागेला हात लावावयाचा नाहीं, असें आमचें ठरलें आहे.

उत्तर अद्याप आलेलें नाहीं. मधल्या सुट्टींत ती रोज शिक्षकांच्या खोलीशीं येते, उंबऱ्याबाहेरूनच पाहते. मी संगणक उघडून बघतों आणि मान हालवितों. “बरं सर,” म्हणून ती वर्गाकडे वळते.