सातबाऱ्यावर एक नाव, धुऱ्यावर दोन घरं

परवा चुलत काका घरी आले. चहा झाला, पावसाचं झालं, हळदीच्या भावाचं झालं. उठता उठता म्हणाले, "बापू, रस्त्याची मोजणी झाली म्हणं. मावेजा कोणाच्या नावानं येईल?"

उत्तर मला माहीत होतं. सातबारा माझ्या वडिलांच्या नावावर आहे. पण त्या गटातला खालचा अर्धा तुकडा तीन पिढ्यांपासून काकांचं घर कसतंय.

मित्रांनो, ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही, म्हणून लिहितोय.

हिंगोलीचा हा सगळा भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. कुळाला तेव्हा शिकमीदार म्हणत. पोलीस ॲक्शननंतर 1950 साली हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. ठरावीक काळात सलग सहा वर्षं जमीन कसणारा 'संरक्षित कूळ' ठरला. पुढे कलम 38-ई आलं आणि अटीत बसणारं संरक्षित कूळ जमिनीचं मालक झालं. लाखमोलाचा कायदा. आमच्यासारखी कितीतरी घरं त्यामुळंच उभी राहिली.

आमचे आजोबा दोघं भाऊ. मालकाची जमीन दोघांनी मिळून कसली. नोंद झाली तेव्हा नाव थोरल्याचं लागलं, कारण घरचा कर्ता तो. धाकटा तेव्हा आखाड्यावर बैलांपाशी होता, असं आजी सांगायची. कोणी कोणाला फसवलं नव्हतं. भावाभावात कागद कशाला, इतकंच.

वीस वर्षं बातमीदारी करतोय. कुळाच्या जमिनीच्या बातम्या लिहिताना एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला कूळ, हे ठरलेलं असायचं. आता तहसीलच्या व्हरांड्यात जी माणसं भेटतात ती दोन्हीकडून कुळाचीच नातवंडं असतात. कूळ कोण, हा प्रश्न दिवाणी कोर्ट ठरवत नाही, तो तहसीलदाराकडं येतो. मग अपील, मग महसूल न्यायाधिकरण, मग औरंगाबाद खंडपीठ. तोवर वाद सुरू करणारा माणूस बऱ्याचदा राहिलेला नसतो.

त्यात 2014 च्या दुरुस्तीनं एक वाट मोकळी झाली. आधी अशी जमीन विकायला परवानगी लागायची. आता प्रमाणपत्राला दहा वर्षं होऊन गेली असतील तर शेतसाऱ्याच्या 40 पट रक्कम भरून परवानगीशिवाय विकता येते. सोय चांगलीच आहे. पण ज्याचं नाव त्यानं सही केली तर शेजारी कसणाऱ्याला कळायच्या आत व्यवहार होऊन जातो.

आता जे लिहायला जड जातंय ते लिहितो. 2023 ला कुणबी नोंदीसाठी सगळ्यांनी निजामकाळातली दप्तरं उघडली, तेव्हा मीही आमचे जुने कागद काढले. कुणबीची नोंद सापडली नाही. एका जुन्या पाहणीपत्रकाची नक्कल मात्र हाती लागली. कसणाऱ्याच्या रकान्यात दोन्ही भावांची नावं आहेत.

तो कागद तेव्हापासून माझ्या कपाटात आहे. दुसऱ्यांच्या हक्काच्या बातम्या छापणारा मी, काकांना एका शब्दानं बोललो नाही.

काल वडिलांपुढं तो ठेवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुह्या लेकराचा बी इचार कर." मी म्हणालो, त्याचाच करतोय. उद्या त्यानं आणि काकांच्या नातवानं तारखा करत फिरायचं का?

रविवारी दोन्ही घरं आखाड्यावर बसणार आहेत. वडील येतो म्हणालेत, हो म्हणाले नाहीत. मी कागद घेऊन जाणार आहे.

तुमच्याकडंही तोंडी वाटणीवर चाललेलं कुळाचं रान असेल, तर जुने फेरफार, 38-ईचं प्रमाणपत्र, पाहणीपत्रकं काढून ठेवा. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. आणि मावेज्याची नोटीस यायच्या आधी एकत्र बसा.